सासूचं जुनं दुखणं सुनेच्या कार्डावर लिहायचं का?

कोरेगाव तालुक्यातल्या ५२ वर्षांच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. १९९४ मध्ये, विसाव्या वर्षी, पहिल्या खेपेला आठव्या महिन्यात त्यांच्या तोंडावर आणि हातांवर सूज आली, डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले. दृष्ट लागली असं म्हणून अंगारा लावला गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे झटके आले, दातखीळ बसली. जीपमध्ये घालून साताऱ्याला नेलं. मुलगा झाला, वजनाने अगदी कमी, पण वाचला. ताईंना शुद्ध आली ती दुसऱ्या दिवशी. सासरी तेव्हा एक वाक्य बोललं गेलं, ‘फिटं येणारी पोरगी आमच्या गळ्यात बांधली.’ पुढे मुलगी झाली तेव्हा काही त्रास झाला नाही, फिटही पुन्हा कधी आली नाही, आणि त्या विषयावर घरात पडदा पडला.

तो मुलगा आता ३१ वर्षांचा आहे. सून २९ वर्षांची, एका पतसंस्थेत नोकरीला, पहिलटकरीण, सध्या अकरावा आठवडा. उंची पाच फूट एक इंच, वजन ७८ किलो. सुनेच्या आईला बी.पी.च्या गोळ्या चालू आहेत, त्यामुळे घरात आत्तापासूनच बोललं जातं की काही झालं तर ते तिच्या माहेरकडून आलेलं असेल. ताई विचारतात: ‘माझं जुनं प्रकरण सुनेला सांगू का? ती तर परक्या घरची लेक, माझं रक्त तिच्यात नाही. सांगितलं तर धास्ती घेईल आणि टेन्शननेच बी.पी. वाढेल. आमच्या ह्यांनाही जुनं उकरलेलं आवडणार नाही. तिला आत्तापासून अळणी जेवण द्यावं का, नोकरी सोडायला सांगावी का? ऑगस्टमधली तारीख आहे आणि विहीणबाई पहिलं बाळंतपण माहेरीच, पाटण तालुक्यातल्या त्यांच्या डोंगराकडच्या गावी, करायचं म्हणतात. काय करावं?’

ताई, सांगा. सुनेला सांगा, मुलाला सांगा, आणि डॉक्टरांना तर सांगाच. तुमचा प्रश्न ‘सांगू का’ असा आहे, पण पत्र वाचताना अडतंय ते वेगळ्याच जागी असं वाटलं. एवढ्या वर्षांनीही ते झटके म्हणजे आपल्यातलंच काही खोट, असं तुम्ही धरून बसला आहात. म्हणून सुनेकडे नंतर वळू, आधी तुमच्याबद्दल बोलू.

तुम्हाला फिटांचा आजार नव्हता. तुमचे तेव्हाचे कागद माझ्यासमोर नाहीत, तरी पहिली खेप, आठवा महिना, तोंडावर सूज, ठणकणारं डोकं, डोळ्यांपुढे काजवे, मग झटके आणि त्यानंतर आयुष्यभरात एकदाही नाही, एवढं सगळं एका ओळीत आलं की कोणताही डॉक्टर आधी एकच नाव घेईल: एक्लॅम्पसिया. त्याच्या अलीकडची पायरी म्हणजे प्री-एक्लॅम्पसिया. गरोदरपणाचे वीस आठवडे उलटल्यावर बी.पी. १४०/९० किंवा त्याच्या वर जातं आणि लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात, किंवा लिव्हर, किडनी, रक्तातल्या प्लेटलेट यांवर परिणाम दिसू लागतो. ‘फिटं येणारी पोरगी’ तुमच्या आई-वडिलांनी लपवून दिली नव्हती. लपवण्यासारखं काही नव्हतंच, कारण हा आजार गरोदरपणातच सुरू होतो.

तो कुठून येतो हे समजलं तर तुमचे निम्मे प्रश्न सुटतील. बाळाची वार गर्भपिशवीत रुजते तेव्हा तिथल्या बारीक रक्तवाहिन्या रुंद व्हाव्या लागतात. जास्त पाणी न्यायचं तर पाट आधी रुंद करावा लागतो, तसंच. काही जणींमध्ये हे रुंद होणं अर्धवट राहतं. पहिले काही महिने कुणाला पत्ता लागत नाही, कारण बाळाची गरज तेवढी मोठी नसते. पुढे बाळ वाढतं, वारेला रक्त पुरत नाही, आणि ती आईच्या रक्तात अशी द्रव्यं सोडते की अंगभरच्या रक्तवाहिन्यांची आतली अस्तरं बिघडतात. मग बी.पी. चढतं, किडनीतून प्रथिनं गळतात, सूज येते. मेंदूपर्यंत गेलं की झटके. म्हणजे बिघाडाची सुरुवात पहिल्या चार-पाच महिन्यांत झालेली असते आणि दिसतो तो आठव्या-नवव्यात. यात तुमच्या खाण्यापिण्याचा, स्वभावाचा, कुणाच्या नजरेचा काही संबंध नव्हता. (अंगाऱ्यावर माझा राग नाही. अंगारा लावून त्याच संध्याकाळी गाडीत बसवलं असतं तरी चाललं असतं.)

आता ‘माझं रक्त तिच्यात नाही’ या वाक्याकडे येऊ. सुनेच्या अंगात तुमचं रक्त नाही, हे खरं. पण तिच्या पोटातल्या बाळात आहे, आणि वार ही बाळाच्या बाजूने तयार होते. तिच्यात आईकडचा वाटा असतो तसा बापाकडचाही असतो. आणि हा बाप ज्या गरोदरपणातून जन्मला ते गरोदरपणच या आजाराने गाठलेलं होतं. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या जुन्या जन्मनोंदी लावून केलेला एक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा गरोदरपणातून जन्मलेल्या मुली आई होताना त्यांना हा आजार जास्त होतो हे तर त्यात दिसलंच, पण अशा गरोदरपणातून जन्मलेल्या मुलग्यांच्या बायकांनाही तो इतरांपेक्षा साधारण दुपटीने जास्त झालेला दिसला. म्हणून तुमची गोष्ट सुनेच्या तपासणीत अगदी कामाची आहे.

दुप्पट ऐकून घाबरू मात्र नका. जगभरात शंभर गरोदर बायांपैकी दोन ते आठ जणींना प्री-एक्लॅम्पसिया होतो. त्याची दुप्पट धरली तरी बहुतेक जणींना काही होत नाही. तुमच्या सुनेलाही काही न होण्याचीच शक्यता जास्त आहे. धोका आहे म्हणजे आजार होणारच असा अर्थ नाही. इतरांपेक्षा बारकाईने बघायचं, एवढाच अर्थ.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. डॉक्टरांच्या ठरलेल्या प्रश्नांमध्ये गरोदर बाईची आई आणि बहीण असते. सासू बहुतेक नसतेच. त्यामुळे तुमच्याबद्दल कुणी आपणहून विचारेल अशी वाट बघत बसू नका, विचारणार नाहीत.

सुनेच्या बाजूने काय-काय आहे तेही मोजू. पहिली खेप हे एक. पहिल्या खेपेला हा आजार जास्त दिसतो. वजन हे दुसरं. पाच फूट एक इंच उंचीला ७८ किलो म्हणजे उंचीच्या हिशेबाने वजनाचा जो आकडा काढतात, तो बी.एम.आय., तीसच्या वर जातो, साधारण साडेबत्तीस. तिसरं, तिची आई. इथे घरातल्या बोलण्यात एक घोटाळा झालाय. विहीणबाईंना आज बी.पी.च्या गोळ्या आहेत एवढ्यावरून फारसं कळत नाही. पन्नाशी-साठीत ते अनेकींना होतं. त्यांना विचारायचं ते असं: ‘पोटुशी असताना बी.पी. वाढलं होतं का? बाळ वेळेआधी काढावं लागलं होतं का? सूज, झटके, लघवीतून प्रथिनं असं काही?’ विहीणबाई ‘हो’ म्हणाल्या तर सुनेचा धोका दोन्हीकडून आला, ‘नाही’ म्हणाल्या तर घरात ज्या बाजूकडे बोट दाखवत होते ती बाजू रिकामी निघाली आणि वारशाने जे आलं ते तुमच्या घरातून आलं. हे ऐकायला तुमच्या मंडळींना जड जाईल. जाऊ दे.

हे सदर वाचणाऱ्या इतर घरांसाठी बाकीची कारणंही सांगून ठेवते. ज्यांचा धोका सगळ्यात जड मानतात त्या अशा: आधीच्या खेपेला हा आजार होऊन गेलेली, दिवस जाण्याआधीपासून बी.पी. किंवा साखर असलेली, किडनीचं दुखणं असलेली, ल्युपससारखा शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटण्याचा आजार असलेली, आणि जुळी असलेली. यातलं एक जरी असलं तरी पुरे. त्यापेक्षा हलकी कारणं म्हणजे पहिली खेप, पस्तिशीपुढचं वय, जास्त वजन, आई-बहिणीला झालेला त्रास, दोन बाळंतपणांत दहा वर्षांहून जास्त अंतर, टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचाराने राहिलेले दिवस. यातली दोन-तीन एकत्र आली की डॉक्टर औषधाचा विचार करतात. पहिल्या खेपेला प्री-एक्लॅम्पसिया झालेल्या साधारण सहापैकी एकीला तो पुन्हा होतो. त्यामुळे पहिलं बाळ २८ ते ३४ आठवड्यांतच काढावं लागलं असेल तर तीनपैकी एकीला. त्या बायांनी दिवस राहण्याआधीच डॉक्टरांकडे जावं. आणि आधीपासून टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल, रॅमिप्रिल यांपैकी गोळी चालू असेल तर दिवस गेल्याचं कळताच डॉक्टर गाठावेत, कारण या गोळ्या बाळाला चालत नाहीत. मनाने बंद करून घरी बसायचं नाही. लॅबेटॅलॉल, निफेडिपिन, मिथाइलडोपा अशा गरोदरपणात चालणाऱ्या गोळ्या आहेत, त्या बदलून देतात.

तर ताई, सुनेकडे पहिली खेप आणि वजन ही दोन कारणं आहेतच. त्यात तुमची गोष्ट. आणि घाई अशासाठी की आज अकरावा आठवडा आहे. कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन नावाची एक साधी, स्वस्त गोळी अशा बायांना देतात. ती बाराव्या आठवड्यापासून, सोळावा आठवडा लागायच्या आत सुरू केली तर खरा उपयोग होतो. वार रुजत असतानाच तिचं काम असतं. आठव्या महिन्यात सूज दिसल्यावर ती सुरू करून हाती काही लागत नाही. २०१७ मध्ये एका मोठ्या अभ्यासात, जास्त धोका असलेल्या साडेसतराशेहून अधिक बायांमध्ये, निम्म्यांना रोज रात्री १५० मिलिग्रॅमची ही गोळी आणि निम्म्यांना औषध नसलेली गोळी दिली. ३७ आठवड्यांच्या आत बाळ काढावं लागेल असा प्री-एक्लॅम्पसिया औषध नसलेल्या गटात शंभरात चारांहून थोड्या अधिक बायांना झाला, गोळी घेतलेल्यांमध्ये शंभरात दोघींनाही नाही. सगळ्यांचा आजार टळत नाही, पण एवढ्याशा गोळीने एवढं होत असेल तर ती डॉक्टरांना विचारायलाच हवी.

विचारायला हवी असं म्हणते आहे, मेडिकलमधून आणून द्या असं नाही. मात्रा ७५ द्यायची की १५०, हे डॉक्टर ठरवतील. पोटात अल्सर, दमा, रक्तस्राव, अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असं काही असेल तर तेही त्यांनाच सांगायचं. आणि गोळी लिहून दिल्यावर घरी कुणी म्हणेल, ‘ही तर रक्त पातळ करायची गोळी, हार्टवाल्यांची, पोटुशीला कशाला?’ हे वाक्य माझ्या दवाखान्यात इतक्यांदा कानावर पडतं की गोळी लिहितानाच मी ते म्हणून दाखवते. या कमी मात्रेत ती बाळाला धोक्याची नाही. सहसा छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमाराला बंद करतात.

कॅल्शियमचंही तेवढंच महत्त्व आहे आणि त्याकडे सर्रास दुर्लक्ष होतं. ज्यांच्या जेवणात कॅल्शियम कमी असतं त्यांना ते पुरेसं मिळालं की या आजाराचा धोका कमी होतो. चौथ्या महिन्यापासून सरकारी दवाखान्यात ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या दिवसातून दोनदा घ्यायला देतात. लोहाच्या गोळीबरोबर ती घेऊ नका, कॅल्शियम लोह नीट शोषू देत नाही. कॅल्शियम जेवणासोबत सकाळ-दुपार, लोहाची गोळी रात्री, आणि तिच्या मागेपुढे चहा नाही. दूध, दही, ताक घरचं असेल, नाचणी विहीणबाईंकडून येईलच.

अळणी जेवणाचं थोडक्यात सांगते: नको. मीठ तोडल्याने हा आजार टळतो असं दिसलेलं नाही. पहिल्या तीन महिन्यांत आधीच अन्न जात नाही, त्यात अळणी भाजी पुढे ठेवली तर तीही जायची नाही. घरात सगळ्यांना जे बेताचं मीठ तेच तिला, वर लोणचं-पापडाचा मारा नको. ‘दोन जिवांची आहेस, दोघांचं खा’ हेही नको. तिच्या वजनाला नऊ महिन्यांत एकूण पाच ते नऊ किलो वाढ पुरे आहे. उपास करून वजन उतरवायची मात्र ही वेळ नाही.

नोकरी सोडायचं कारण मला दिसत नाही. नुसतं पडून राहिल्याने हा आजार थांबत नाही, उलट वजन आणि साखर वाढते, पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. खुर्चीतून मधूनमधून उठावं, चालावं. पुढे बी.पी. वाढलंच तर रजेचं डॉक्टर सांगतील.

टेन्शनचा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. कारण ‘टेन्शन घेतलंस म्हणून बी.पी. वाढलं’ या एका वाक्यात आजार बाईच्या गळ्यात अडकवला जातो. धास्तीने बी.पी.चा आकडा तेवढ्यापुरता चढतो हे खरं आहे. एस.टी.तून उतरून धावत दवाखान्याचा जिना चढलेल्या कुणाचाही चढेल. म्हणून पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीला टेकवून, हात छातीच्या पातळीला ठेवून बसायचं आणि मग पट्टा बांधायचा. जाड दंडाला मोठा पट्टा मागून घ्यायचा, लहान पट्ट्याने आकडा उगाच जास्त येतो. पण असं नीट बसून पुन्हा मोजलं तरी १४०/९० आलं, तर ते टेन्शन म्हणून घरी पाठवून चालत नाही. लघवी आणि रक्त तपासायलाच हवं. तुमच्या बोलण्याने सुनेच्या वारेतल्या रक्तवाहिन्या बिघडणार नाहीत. तुम्ही गप्प बसलात तर मात्र औषधाचा आठवडा निघून जाईल.

आणि ती घाबरेलच असं का धरता? पतसंस्थेत बसणारी मुलगी आहे, रोज लोकांची कर्जं आणि थकबाकी बघते. सासू काहीतरी लपवतेय हे तिला बाहेरून कळलं तर ती जास्त घाबरेल. आणि कळेल हो, भावकीत कुणाला ना कुणाला जीप आठवत असणार.

सांगताना सगळ्यांच्या देखत नको आणि तासभर नको. आधी मुलाला, मग दोघांना मिळून. एवढंच म्हणा: ‘माझ्या पहिल्या बाळंतपणात बी.पी. वाढून मला झटके आले होते. हा तेव्हाचाच. डॉक्टर म्हणतात, त्याचा तुझ्या तपासणीशी संबंध आहे. तुझ्या डॉक्टरांना सांगू या. तुला चालणार असेल तर मी बरोबर येते.’ चालणार असेल तर, हे शब्द वगळू नका. शरीर तिचं आहे. तिला तुम्ही खोलीत नको असाल तर एका चिठ्ठीवर लिहून द्या: साल, कितवा महिना, सूज, झटके, बाळाचं वजन आठवत असेल तर ते. ती चिठ्ठी माता-बाल संरक्षण कार्डाला टाचून ठेवायची, म्हणजे पुढे ऐनवेळी दुसरे डॉक्टर असले तरी त्यांना दिसेल. तुमच्या मिस्टरांना आवडणार नाही म्हणता. त्यांना आधी विचारू नका, सांगून झाल्यावर कळवा. या गोष्टीला त्यांच्या परवानगीची गरज नाही.

आता माहेरचं. इथे मी विहीणबाईंच्या विरुद्ध नाही. पहिलं बाळंतपण आईकडे व्हावं ही ओढ खरी आहे आणि सुनेलाही तिथे मोकळं वाटत असेल. पण तारीख ऑगस्टमधली आहे. हा आजार डोकं वर काढतो तो शेवटच्या दोन-तीन महिन्यांत, म्हणजे तुमच्या हिशेबात जून, जुलै, ऑगस्ट. पाटणच्या डोंगराकडे तेव्हा पाऊस कसा असतो हे तुम्हाला मी सांगायला नको. २०२१ च्या जुलैत आंबेघर, मिरगावला दरडी कोसळल्या तेव्हा मदतीची माणसंसुद्धा तिथे पोचायला अडली होती. रात्री दोनला डोकं ठणकायला लागलं आणि ओढ्याला पाणी आहे, अशी वेळ या मुलीवर येऊ द्यायची नाही.

मग मधला रस्ता असा. डोहाळजेवण माहेरी करा, सातव्या महिन्याच्या सुरुवातीला, मे संपायच्या आत. हवं तर आठ-दहा दिवस राहू द्या, तिथल्या आरोग्य केंद्रात एकदा बी.पी. मोजून घ्या. पाऊस लागायच्या आधी तिला परत आणा आणि बाळंतपण साताऱ्यात किंवा कऱ्हाडला ठरवा. कऱ्हाड विहीणबाईंनाही जवळ पडेल. बाळंतपणाला त्यांनीच सोबत यावं, तुमच्या घरी किंवा कऱ्हाडात कुणी नातलग असेल तर तिथे. दवाखाना निवडताना खोल्या चकाचक आहेत का हे बघू नका. रात्री स्त्रीरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ येतात का, रक्ताची सोय किती वेळात होते, कमी दिवसांच्या बाळासाठी विभाग तिथेच आहे की दुसरीकडे पाठवतात, हे तीन प्रश्न विचारा. खासगी झेपत नसेल तर जिल्हा रुग्णालय आहे. शिवाय प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात चौथ्या महिन्यापुढच्या बायांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. तुमच्या आशाताईंना तुमची गोष्ट कळली तर जोखमीच्या गरोदर मातांमध्ये सुनेचं नाव त्या लिहून घेतील आणि पाठपुरावा करतील.

बाळंतपण झालं की लगेच डोंगराकडच्या माहेरी न्यायची घाई नको. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसात बी.पी. पुन्हा वर चढतं आणि झटके बाळ झाल्यावरही येऊ शकतात. नेमकं त्याच दिवसांत सगळे बाळाच्या तोंडाकडे बघत असतात, आईचं डोकं दुखतंय याकडे कुणाचं लक्ष नसतं. पहिले दहा-बारा दिवस दवाखान्याजवळ, मधे दोन-तीनदा बी.पी. मोजून, मग माहेरी जाऊ द्या. तोवर रस्तेही जरा बरे होतील.

घरी एक बी.पी.चं मशीन आणलं तर बरं. दंडावर बांधायचं आणा, मनगटावरचं नको, आणि पहिल्यांदा दवाखान्यातल्या मशीनशी ताडून बघा. विसाव्या आठवड्यानंतर आठवड्यातून दोनदा मोजून वहीत लिहायचं. १४०/९० आलं तर थोड्या वेळाने पुन्हा मोजायचं आणि तेवढंच राहिलं तर त्याच दिवशी दाखवायचं. १६०/११० आलं तर जेवण-अंघोळ काही नाही, सरळ १०८ ला फोन. आकडा बरा असला तरी न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, उजव्या बरगडीखाली दुखणं, एकाएकी तोंडावर आणि हातावर सूज, धाप, लघवी कमी होणं, बाळाची हालचाल मंदावणं, यातलं काहीही असेल तर निघायचं. नुसत्या पायाला संध्याकाळी सूज येणं अनेकींना होतं, त्याने हबकू नका. ही डोकेदुखी नेहमीच्या डोकेदुखीपेक्षा कशी वेगळी असते, हे त्या घरात फक्त तुम्हाला माहीत आहे. सून ‘जरा पडते, बरं वाटेल’ म्हणाली तर तुम्ही ऐकू नका.

तेव्हाच्या मानाने आज हाताशी बरंच काही आहे. झटके थांबवायला आणि आधीच टाळायला मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन असतं. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात त्याने झटक्यांचा धोका निम्म्यावर आलेला दिसला. प्राथमिक आरोग्य केंद्रातही त्याचा पहिला डोस देऊन पुढे पाठवता येतं. पण आजार मुळापासून जातो तो बाळ आणि वार बाहेर आल्यावरच. म्हणून डॉक्टर कधी ३७ आठवड्यांना, कधी त्याही आधी बाळ काढू म्हणाले तर ‘अजून दिवस भरले नाहीत’ म्हणून अडवू नका, कारण विचारून घ्या.

शेवटचं तुमच्याबद्दल, आणि हे तुम्ही विचारलेलं नाही. ज्या बाईला गरोदरपणात हा आजार होऊन गेला तिला पुढच्या आयुष्यात हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका इतरांपेक्षा साधारण दुप्पट असतो, आणि कायमचं बी.पी. मागे लागण्याची शक्यता त्याहूनही जास्त. विहीणबाईंच्या गोळ्यांचा तुमच्या पत्रात दोनदा उल्लेख आहे. तुमचं बी.पी. शेवटचं कधी मोजलं होतं, हे कुठेच नाही. सुनेची पुढची तपासणी असेल त्या दिवशी तुम्हीही पट्टा बांधून घ्या, साखर, कोलेस्टेरॉल आणि लघवी तपासून घ्या, आणि तिथल्या डॉक्टरांना १९९४ चं सांगा. ही सगळी हकीकत लेकीलाही सांगा. तिच्या वेळी डॉक्टर विचारतील त्या यादीत आई असते, आणि उत्तर तिला आधीपासून माहीत असायला हवं.